उलटा आरसा

प्लेग सरून दोन वर्षं झालती. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आगगाडी आता जुनी झालती, तरी चौदा वर्षांच्या शहाजादीनं ती लांबनंच बघितलेली.

तिचा बाप बाबालाल लाखेच्या बांगड्या करायचा. बायकांच्या हातात त्या भरायचं काम शहाजादीचं. हात दाबून, हाडं जवळ घेऊन बांगडी अशी सरकवायची की बाईला कळायचंबी नाही.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या झुंबरबाईनं तेच हेरलं. चार दिवस रोज अब्बांच्या दुकानात येत होती. कोल्हापूर पहिल्यांदाच बघते म्हणायची. मुंबईत तिचं दुकान, काचेची कपाटं, आणि असला हात तिथं कुणाकडंच नाही. इथं काय, पावसाळा सरला की कबनूरच्या बिजवराशी शहाजादीचा निकाह. परवा सकाळच्या गाडीनं झुंबरबाईसंगं मुंबईला निघायचं, घरात बोलायचं नाही, असं ठरलं. शहाजादीनं कपड्यांचं बोचकं लाखेच्या पोत्यामागं दडवलं.

पाचव्या दिवशी झुंबरबाईनं पिशवीतनं मापाला एक बांगडी काढून दिली. मुंबईच्या दुकानातल्या पोरींना असल्याच डझनभर घे म्हणाली. तिला लाखेच्या बांगड्या सगळ्या सारख्याच.

शहाजादीनं बांगडी फिरवली. लाखेत जडवलेल्या बारक्या आरशांतला एक उलटा बसलेला. बारा वर्षांची असताना ती चूक तिच्याच हातनं झालती. अब्बा वितळवायला निघाले, तर शेजारच्या पिंजाऱ्याची चमन हसत म्हणाली, राहू द्या, मलाच घाला. गेल्या साली चमनच्या चपला पंचगंगेच्या घाटावर सापडल्या. मढं सापडलं नाही. घरच्यांनी रडून घेतलं.

"मावशी," शहाजादी म्हणाली, "तुमचा हात भरते की. मोकळा बरा दिसत न्हाय."

झुंबरबाईनं कौतुकानं हात पुढं केला. शहाजादीनं चमनचीच बांगडी घातली, अंगठ्याच्या सांध्यापर्यंत रेटली आणि तिथंच दाबून धरली. पुढं जाईना, मागं येईना.

"दुखतंय गं. सोड."

"चमन कुठं हाय?"

"कोण चमन?"

शहाजादीनं आणखी दाबलं. झुंबरबाईच्या कपाळावर घाम आला.

"मिरजंत. जित्ती हाय."

आतनं अब्बांनी विचारलं, काय चाललंय. शहाजादीनं हात सोडला नाही.

"अब्बा, पिंजारीचाचांना हाक मारा. फौजदाराला बी. आन् पोत्यामागं माझं बोचकं हाय. रागवायचं ते मागनं रागवा."