रेणुदर्शन आणि उलटा पीळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढावा एवढे अंगसुद्धा नाही. माझे नाव रेणुदर्शन. डोळ्यांना न दिसणारे रेणू संगणकाच्या पडद्यावर काढायचे आणि फिरवून दाखवायचे, हे माझे काम.

१९९३ साली आमच्या शहरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी जन्मलो. मला लिहिले बद्रीनाथने. तो पिशोरकडचा, मेंढपाळाच्या घरातला, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. परदेशी प्रोग्रॅमना लागणारा तालेवार संगणक आमच्याकडे नव्हता. मुले गोळ्या आणि काड्या जोडून रेणू बनवत, आणि ऐन वेळी एक गोळी हमखास हरवलेली असे. बद्रीनाथने हट्टाने मला एका फ्लॉपीत मावेल इतके लहान ठेवले. पुढचे अणू ठळक, मागचे फिकट, एवढ्याच युक्तीवर मी रेणू उभा करत असे.

पुण्याहून परीक्षक येणार होते. त्यांच्या कसोटीला मी उतरलो तर माझ्या प्रती मराठवाड्यातल्या कॉलेजांत जाणार होत्या, नाहीतर कपाट ठरलेले. बद्रीनाथला शिकवणाऱ्या रामकिसन सरांनी मला चारदा पाहून शाबासकी दिली होती. मग काय, मीही फुगलो.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बद्रीनाथची आई कस्तुराबाई आली. डोळे दाखवायला ती शहरात आली होती. जन्मभर चातीवर लोकर कातलेली बाई. बद्रीनाथने कौतुकाने तिला डीएनएचा रेणू दाखवला, एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे. तिने पडदा पाहिला, भिंतीवरचा डीएनएचा तक्ता पाहिला आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

"बद्या, ह्यो पीळ उलटा हाय."

"माय, ही काय दोरी नाय." तो हसला. "थांब, खालचं वर करून दाखवतो."

त्याने मला उलटे फिरवले. कस्तुराबाईने मान हलवली.

"उलटा टांगला तरी पीळ त्योच ऱ्हातो, लेकरा. तसबिरीत येगळा हाय, तुह्या पेटीत येगळा."

बद्रीनाथचे तोंड उतरले. वहीत आलेख काढताना आपण खालून वर मोजतो, पडदा मात्र वरून खाली मोजतो. त्याने वहीची सवय जशीच्या तशी माझ्यात उतरवली होती. त्यामुळे मी काढलेला प्रत्येक रेणू आरशातला निघत होता. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जात नाही, रेणूंचेही तसेच असते. बद्रीनाथने एक उणे चिन्ह टाकले आणि मी सरळ झालो. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पडद्याला बोट लावले आणि वरपासून खालपर्यंत पीळ तपासला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "इथेच पुष्कळ जण फसतात."

रामकिसन सर चष्मा पुसत बसले. त्या वर्षी माझ्या फ्लॉप्या जालन्याला गेल्या, बीडला गेल्या, परभणीला गेल्या. गोळी हरवली म्हणून तास बुडणे बंद झाले. किती मुलांनी मला फिरवले म्हणून सांगू! ती माझी उमेदीची वर्षे होती.

पुढे रंगीत, देखणे प्रोग्रॅम आले आणि मी खणात पडलो. फ्लॉप्यांना बुरशी लागली. पण प्रयोगशाळेतल्या आशाबाईंनी माझी एक प्रत वेळीच सीडीवर उतरवून ठेवली होती. तिच्यावरून बद्रीनाथने मला पुन्हा उभे केले. आज करमाडच्या शाळेतल्या मुली मला मोबाइलवर बोटाने गरगर फिरवतात. या वयात एवढी चंगळ कुणाच्या नशिबी असते?

मित्रांनो, जुन्या कामाची एक प्रत जपून ठेवा. आणि आपले काम चार परक्या डोळ्यांखालून जाऊ द्या, मग ते डोळे अधू का असेनात. मला उघडले की आधी एक ओळ उमटते. ती बद्रीनाथने पीळ सरळ केला त्याच दुपारी लिहिली, आणि आजवर कुणी खोडलेली नाही:

'पीळ तपासला: कस्तुराबाई, पिशोर.'