आईचे हात आणि कपाटातला सर्व्हर

मित्रांनो, घरातलं नेट अडकलं की सगळे ज्याच्याकडे डोळे वटारून बघतात, तोच मी, एक जुना राउटर. कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलो आहे. माझी जागा चपलांच्या कपाटावर. माझ्या अँटेनाला लोक खुशाल छत्री टेकवतात.

या घरातली आई दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्याशी ती व्हिडिओवरून हातांच्या खुणांनी बोलते. तिचे हात दूरवर पोचवण्याचं काम माझं. त्याचा मला फार अभिमान होता.

मग ताईने, म्हणजे आईच्या मुलीने, एक सर्व्हर आणला. सर्व्हर म्हणजे सतत जागा राहून, कोणी मागेल ते पाठवत बसणारा संगणक. खुणांच्या भाषेतल्या गोष्टींचे व्हिडिओ त्यात ठेवले होते आणि गावोगावची मुलं ते बघायची. ताईने त्याच्यासाठी हवेशीर कपाट रिकामं केलं, वेगळा पंखा लावला. मऊ फडक्याने ती त्याला पुसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचा प्रत्येक व्हिडिओ माझ्यातूनच बाहेर जात होता, पण नाव मात्र त्याचं.

बाहेर जाणारी वाट एकच आणि अरुंद. सर्व्हरने ती अडवली की आईचं चित्र थांबायचं. घरातले म्हणायचे, राउटर म्हातारा झाला, बदलून टाकू. मी मुकाट्याने दिवे लुकलुकवायचो.

एकदा इस्पितळातून आईला व्हिडिओवर बोलावणं आलं. ऐकू न येणाऱ्या एका बेकरीवाल्या काकांचं ऑपरेशन होतं. एखादं औषध तुम्हाला सोसत नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. आई तो प्रश्न हातांनी सांगू लागली. नेमक्या त्याच वेळी मुलांनी सर्व्हरकडे गोष्टींचा धोशा लावला होता. वाट अडली आणि काकांच्या पडद्यावर आईचं चित्र थांबलं. प्रश्न अर्धा राहिला असतानाच काकांनी मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

आईचा चेहरा उतरला. तिचे हात तिकडे अडकले होते, हे तिने ओळखलं.

“डॉक्टर, इंजेक्शन देऊ नका,” ती म्हणाली. “माझा प्रश्न संपायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलंय.”

आवाज तुटक का होईना, मी पोचवला. आईचं बोलणं ऐकून ताई धावत आली, सर्व्हरचे दिवे भराभर लुकलुकताना तिने पाहिले आणि त्याची वायर माझ्यातून उपटली. वाट मोकळी झाली. आईने प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी काकांनी दोन्ही हातांनी घाईघाईने एका औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टरांच्या हातात तेच होतं.

“मी उगाच राउटरला नावं ठेवत होते,” ताई आईला म्हणाली. त्याच दिवशी तिने माझ्यात नियम घातला: आईचं चित्र आधी, उरलेल्या जागेत सर्व्हर. मला वाटलं, आता तरी माझे दिवस आले.

बरे झाल्यावर काका आभार मानायला घरी आले. छत्री त्यांनी माझ्यावरच टेकवली. आईचे हात हातात घेतले आणि मग सर्व्हरमधली एक गोष्ट बघताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जाताना त्यांनी कपाट थोपटलं. सर्व्हरचं!

मित्रांनो, माझा जळफळाट अजून गेलेला नाही. तुमच्या घरी नेट अडकलं, तर राउटरला थापट्या मारण्याआधी, कोण किती पाठवतंय ते बघा. ज्याचं काम अडून चालणार नाही, त्याला आधी वाट द्या. कधीतरी राउटरवरची धूळ पुसा. पुसताना ‘शाबास’ म्हणावंसं वाटलं, तर जरा मोठ्याने म्हणा. कपाटातल्यालाही ऐकू गेलं पाहिजे.