जुळ्यांची एक ओळ

खट्ट. दुपारच्या निजलेल्या घरात एवढाच आवाज झाला आणि माझा पंखा खोकत खोकत फिरू लागला.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. फ्रिज आणि धुण्याची बादली यांच्यामध्ये माझी सोय केलेली आहे. तक्रार नाही. ज्यांना काचेची खोली मिळाली, त्यांची कर्तबगारी सांगतोच.

माझा जन्म कारखान्यातला नाही. लसीकरण केंद्रातले संगणक दुरुस्त करणाऱ्या ताईने तीन बंद यंत्रांतले धड भाग काढून मला जोडलं. माझ्यातला प्रोग्राम खुला होता. कुणीही उघडून वाचावा, चुकला तर सुधारावा, मागेल त्याला द्यावा. एकदा मी जुळ्या मुलांना एकच मूल समजलो. जन्मतारीख एक, आई एक; मी दुसरं खोडून टाकलं. लस टोचणाऱ्या सिस्टरने माझ्या डोक्यावर टपली मारली. "याला सांग गं, जगात जुळी असतात." ताईने चहा निवायच्या आत मला शहाणं केलं आणि संध्याकाळपर्यंत इतर केंद्रांतल्या माझ्या भावंडांनाही.

मग आरोग्य खात्याच्या साहेबांना देश डिजिटलदृष्ट्या स्वतंत्र करण्याची लहर आली. त्यासाठी त्यांनी काय आणावं? परदेशी कंपनीचं कुलूपबंद यंत्र. पांढरंशुभ्र, ऐटबाज, काचेच्या खोलीत बसवलेलं. रोज सकाळी ते आधी समुद्रापलीकडे विचारी, उघडू का? मालक हो म्हणाला, की मग इथली मुलं मोजी. उद्घाटनाला साहेबांचं स्वावलंबनावरचं भाषण त्याच्याच पोटात होतं. मालकाला जाग आली नसावी, भाषण उघडेना. साहेब वीस मिनिटं हातात कात्री घेऊन उभे आणि या महाशयांच्या पडद्यावर एक चक्र गरगरतंय. नाव मोठं, लक्षण खोटं. टाळ्या तरीही वाजल्या.

मला गोणपाटात गुंडाळलं. नोंदवह्याही बंद झाल्या. कागद म्हणे मागासलेपणा.

नव्या यंत्राने माझ्याकडच्या सगळ्या नोंदी गिळल्या आणि पहिल्याच दिवशी जुळ्यांचं एकेक मूल करून टाकलं. माझीच जुनी चूक! पण त्याला टपली मारायची सोय नव्हती. सिस्टरने कंपनीला कळवलं. उत्तर आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे.' ताईने लिहिलं, आतलं उघडून द्या, मी अर्ध्या तासात सुधारते. उत्तर तेच. दोन वर्षं झाली, विनंती अजून नोंदवलेलीच आहे.

त्या जुळ्यांत ताईच्या मुलीही होत्या, थोरली आणि धाकटी. मागच्या वर्षी ताई कामासाठी परगावी होती, म्हणून आजी दोघींना लसीसाठी घेऊन गेली. एकीचं अंग तापलं होतं. तिला तशीच परत पाठवली, दुसरीला टोचलं. यंत्राने आपल्या एकुलत्या ओळीत खूण केली आणि मोठा पराक्रम गाजवल्यासारखं ट्रिंग वाजवलं. आता पुढच्या डोसची वेळ आली, तर तापलेली कोणती ते आजीला आठवेना. झगे सारखे, रडणंही सारखं. साहेब म्हणाले, यंत्रात बघा ना. यंत्रात एकच मुलगी आहे.

"अंदाजाने सुई नाही टोचणार मी," सिस्टरने ताईला सांगितलं. "आणि तुझ्या पोरींना तर नाहीच नाही."

म्हणून ताईने मला घरी आणलं. मुली झोपल्या की ती माझ्यापुढे बसते आणि जुना प्रोग्राम पुन्हा कामाला लावते. सोमवारपासून सिस्टर तोच वापरणार आहे, साहेबांना न विचारता. पुढच्या मुलांचं तरी धड होईल. मागच्या वर्षीची ती एक सुई कुणाला टोचली, ते मात्र मलाही माहीत नाही; तेव्हा मी गोणपाटात होतो.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवू नका, धूळ मला चालते. पण ज्या यंत्राचं पोट आपल्याला उघडता येत नाही, त्याच्या हाती आपली पोरं देऊ नका. द्यायचीच असली, तर निदान स्वातंत्र्यावर भाषण ठोकू नका.

आज धाकटी लवकर उठली. डोळे चोळत ताईच्या मांडीवर चढली. पडद्यावर दोन ओळी होत्या. ताईने तिचं बोट धरून एकेका ओळीवर ठेवलं. ही थोरली, ही तू. केंद्रातल्या यंत्रात मात्र एकच ओळ आहे.

धाकटीने दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिल्या.

"इथे आम्ही दोघी आहोत," ती म्हणाली. "मग तिकडे आमच्यातली कोण आहे?"