बर्फाच्या खेळाला कोण कोण

"सहाचा खेळ म्हंजे जेवायचं कवा? चारला? चारला काय माणसं जेवत्यात? चारला म्हशी रवंथ करत्यात."

बनुबाई पद्मावतीच्या खांद्याला खांदा लावून भाकऱ्या थापत होत्या, म्हणून हे पुटपुटणं तिलाच ऐकू आलं. खरं तर तिलाच ऐकवायचं होतं. नणंद ओरडली तर भावजय उत्तर देईल. पुटपुटली तर काय देणार? पण तक्रार खोटी नव्हती. जैनाचं घर, दिवस मावळल्यावर घास तोंडात जायचा नाही, आणि मार्गशीर्षातला दिवस तो केवढा! खेळ बघायचा तर उन्हातच जेवून, गाडी जुंपून, दोन कोसांवरची सांगली गाठायला हवी.

खेळाचं वेड आणलं सुकुमारनं. पद्मावतीचा हा मुलगा सांगलीला हळदीच्या अडतीत कामाला होता. आठ दिवसांनी घरी यायचा तो कोपरापर्यंत पिवळा होऊन. या खेपेला त्यानं सर्कशीचा छापील कागद आणला. लढाई संपून वर्ष झालं होतं, तंबू पुन्हा गावोगाव हिंडायला लागले होते. कागद वाचला गुणमालेनं, थोरल्या लेकीनं. घरात न अडखळता वाचणारी तीच. गोऱ्या बाईंचे बर्फावरील नृत्य, बुटांच्या तळाशी लोखंडी पाती.

"पात्यावर उभी ऱ्हाती?" धाकटी विजयमाला म्हणाली.

"उभी न्हाई गं, घसरती. सरसर."

"आन् पडत न्हाई?"

"पडली तर तिकीट कोन काढंल?" सुकुमार म्हणाला. "रेल्वेनं भुश्शात घालून लाद्या येत्यात. तंबूत अंथरत्यात, फरशीगत."

बनुबाईंना बर्फाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी विजयमालेसाठी स्थळ काढलं होतं. मुलगा साताऱ्याला कचेरीत कारकून, त्याचा मामा सांगलीत. घरी दाखवायचा घाट घालायचा तर रेशनच्या साखरेत किती जणांचा चहा होणार? त्यापेक्षा मामानं भाच्याला खेळाला आणावं, आपण पोरीला न्यावं, शेजारी बसावं आणि "अगं बया, तुमी बी हितं?" म्हणावं. पसंत पडली तर ठरलं. नाही पडली तर कुणी कुणाला बघितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून सगळी आखणी गुणमालेनं हातात घेतली. जेवण साडेतीनला. बरोबर खायचं काही न्यायचं नाही, नाहीतर सुकुमार अंधारात हळूच तोंड हलवेल. गाडीत कडबा, वर वाकळ, परतताना थंडी म्हणून दोन घोंगडी. तंबूत विजूनं आपल्या माणसांच्या उजव्या टोकाला बसायचं, म्हणजे पाव्हण्याला उजवा गाल दिसेल, डाव्या गालावर देवीचे वण आहेत. चार वर्षांत गुणमाला एवढं बोललेली पद्मावतीनं ऐकलं नव्हतं. आपलं अंजिरी लुगडंही तिनं घडी घालून अंथरुणाखाली दाबून ठेवलं होतं, इस्त्री केल्यासारखं व्हावं म्हणून. पद्मावतीनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

चार वर्षांपूर्वी गुणमाला सासरहून एक ट्रंक घेऊन आली, ती दोनदा आली. पहिल्या खेपेला पद्मावतीनं तिची ओटी भरली आणि "बाईच्या जातीनं दम धरावा" म्हणून परत धाडली. दुसऱ्या खेपेला परत धाडायला तिकडं जागाच उरली नव्हती. नवऱ्यानं दुसरी आणली होती. गावाला सगळं ठाऊक होतं. पण गावालाही बोलायला एक बरा शब्द लागतो. तो पद्मावतीनं पुरवला. त्या साली बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, उतरल्या होत्या. त्यांच्यासमोर लेकीला बसवून तिनं नेम घ्यायला लावला: एक वेळ जेवण, गाळलेलं पाणी, हिरव्या पाल्याला हात नाही, जीवहिंसेच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. मग लोक म्हणायला लागले, "गुणमाला धर्माला लागली." ते शब्द ऐकून पद्मावतीला तेव्हा किती हलकं वाटलं होतं! पोरगी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला काय वाटलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात सुकुमार खरोखरचा बर्फ घेऊन आला. निघताना म्हणे नारळाएवढा होता. पोत्यातून निघाला तेव्हा लिंबाएवढा. विजयमालेनं बोट लावलं आणि किंचाळली. गुणमालेनं तो उचलून तळहातावर घेतला. तळवा लालबुंद झाला, मनगटावरून पाणी ओघळलं, तरी ती तो तिरका करून बघतच होती.

"ह्याच्यावर गिरकी घेती ती?" ती म्हणाली. "मग थांबती कशी रं?"

"अगं, तू बगशीलच की," सुकुमार म्हणाला.

बनुबाईंनी वर बघितलं. इतके दिवस त्यांनी गाडीतली माणसं मोजलीच नव्हती. "नेमाची पोर," त्या म्हणाल्या, "आन् बरफ हातात?"

दुसऱ्या दिवशी त्या बस्तीत जाऊन उपाध्यांना विचारून आल्या. उपाध्ये बिचारे शास्त्रच बोलले. पाण्याच्या कणाकणात जीव, ते तुडवणं हिंसा, आणि ते हौसेनं बघणं म्हणजे हिंसेला मान डोलावणं. मग आम्ही जायचं नाही काय, असं बनुबाईंनी विचारलं. संसारी माणसाला थोडी सूट असते. नेम घेतलेल्यानं मात्र टाळावं.

घरात नेम घेतलेलं माणूस एकच होतं.

"मला काय," बनुबाई भिंतीला म्हणाल्या, "शास्तर हाय म्हणून सांगितलं."

सुकुमार आपली पिवळी नखं बघत बसला. विजयमालेनं घातलेली वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. पद्मावतीचे यजमान बाळगोंडा बैल बघायला गेले. घरात अवघड गोष्ट निघाली की ते बैल बघायला जात. त्यामुळे त्यांच्या बैलांएवढे राखलेले बैल गावात नव्हते.

"तिला बी न्यायची," असं पद्मावती म्हणणार होती. पण विजयमालेला एकोणिसावं सरत होतं, आणि "थोरली कुठं दिलीया? मग हितं कशी?" एवढं विचारून दोन स्थळं परत गेली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. गुणमालेनं हात पुसले, अंथरुणाखालचं लुगडं काढलं आणि धाकटीच्या मांडीवर ठेवलं. "तूच नेस. तुझ्या रंगाला उठंल."

खेळाच्या दिवशी सगळं तिनं आखलं होतं तसंच झालं. साडेतीनला पानं वाढली, कडबा पसरला, वाकळ टाकली. बनुबाई पुढं बसल्या, विजयमाला मधे, सुकुमार मागं पाय सोडून. पद्मावती शेवटी चढली. गुणमाला खाली उभी राहून घोंगडी वर देत होती.

एवढ्यात शेजारच्या रंगूबाई घागर घेऊन आल्या. "अगं बया, सगळं घर निघालं! आन् गुणा गं?"

"तिला नेम हाय," बनुबाई म्हणाल्या. "नेम हाय," सुकुमारही म्हणाला. बाळगोंडा जोताची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले.

"बरफात जीव असत्यात, काकू," गुणमाला हसून म्हणाली. "पायाखाली तुडवल्याला बघवायचा न्हाई मला. मीच नगं म्हटलं." मग आईकडं वळून, "अव्वा, ती बाई थांबती कशी तेवढं नीट बघून ये. सुकूला सांगता यायचं न्हाई."

आवाज जरासुद्धा हलला नाही. किती सफाईदार! पद्मावतीला वाटलं, हे बोलणं माझं आहे. चार वर्षं मी गावाला जे सांगत आले, ते ही आता माझ्याहून चांगलं सांगते. आई म्हणून लेकीला काय शिकवलं, तर हे.

बाळगोंडांनी कासरा उचलला.

"थांबा वाईच," पद्मावती म्हणाली आणि चाकावर पाय देऊन खाली उतरली.

"आता काय ऱ्हायलं?" बनुबाई करवादल्या. "ऊन उतरलं की गं!"

गाडीत विजयमाला अंजिरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, तिच्याकडं पद्मावतीनं एकदा बघितलं. रंगूबाई घागर कमरेवर तशीच धरून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं म्हणजे उद्या गावानं ऐकलं, आणि परवा साताऱ्यानं. पद्मावतीनं गुणमालेच्या हातातलं घोंगडं काढून घेतलं.

"गुणा, नेमाचं खोटं हाय. तुला नवऱ्यानं टाकलीया, ती पाव्हण्यांच्या नजरंला पडू नये म्हणून घरात ठिवून निघालोय आमी. आन् त्यो नेम बी मी तुला त्याच्याचसाठी घ्यायला लावला."