दाराआडची हजेरी

सल्लागार बाईंनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पासपोर्टची पानं उलटली, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पानं उलटली आणि शेवटी बोटांवर मोजलं.

समोर बसलेल्या म्हाताऱ्याला हे आवडलं. दोनदा मोजणाऱ्या माणसावर त्यांचा चटकन विश्वास बसे. ते स्वतः छत्तीस वर्षं कारखान्याच्या फाटकाशी हजेरीपुस्तक घेऊन बसले होते आणि सगळे त्यांना हजेरीमास्तरच म्हणत. त्यांचा कायदा एकच: पुस्तकात आहे तो आहे, पुस्तकात नाही तो नाही, मग तो समोर उभा राहून शिव्या का देईना. एक फिटर भर दुपारी मशीनवरच गेला, तेव्हा मास्तरांनी त्याला अर्धा दिवस लावला होता.

"आलात चारदा," बाई म्हणाल्या. "गेलात दोनदा."

मुलगा हसला. तीनदा गेले, दर वेळी मीच विमानतळावर सोडून आलोय, म्हणाला.

"सोडलंत ते दारापर्यंत. आतलं तुम्ही कुठे पाहिलंत? दुसऱ्या खेपेनंतर बाहेर पडल्याची नोंद नाही. तिकडे उतरल्याचा शिक्काही नाही." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हिशेबाने बघाल तर आत्ता तुमचे दोन बाबा आहेत इथे."

बाई आपल्या विनोदावर हसल्या. मास्तर हसले नाहीत. चारातून दोन गेले, दोन उरले. वजाबाकीत चूक नव्हती.

मामला सरळ होता. आतापर्यंत मास्तर व्हिजिटर व्हिसावर यायचे. सहा महिने राहायचं आणि उठायचं. बायको गेल्यापासून तिकडच्या घरात एक ताट, एक तांब्या आणि ते, एवढंच उरलं होतं. म्हणून मुलाने त्यांच्या कायमच्या रहिवासाचा अर्ज केला होता. तो मिळाला की परत जायचं नाव नको. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेमधले ते अकरा महिने ते इथेच होते असं ठरलं, तर व्हिसा मोडून राहिले असा अर्थ. मग कायमचं दार बंद, आणि पाहुण्याचंही.

तिकडे होतात असा एक कागद आणा, बाई म्हणाल्या. एकच, पण पक्का.

मास्तरांसारख्या पेन्शनवाल्याला कागद शिकवायची गरज नव्हती. दर वर्षी आपण जिवंत आहोत हे खिडकीपुढे उभं राहून सांगायचं आणि हयातीच्या दाखल्यावर सही करायची. त्याहून पक्कं काय असणार? त्यांनी धाकट्या बहिणीला पेन्शनच्या कचेरीत पाठवलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आधीच्या वर्षीचा दाखला होता, नंतरच्या वर्षीचाही होता. मधला रकाना कोरा.

त्या वर्षी पेन्शन थकून पुढच्या वर्षी एकदम जमा झाली होती, हे मास्तरांना आठवत होतं. कारकुनांची ढिलाई, दुसरं काय, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. ते अकरा महिनेही आठवत होते. बंद खिडक्या. वाणी दर वेळी विचारायचा, कधी आलात? कालही भेटलो होतो, असं सांगून सांगून शेवटी ते नुसतेच मान हलवायचे.

"मी देते लिहून, दादा," बहीण म्हणाली. "शेजाऱ्यांकडूनही घेते. त्या वर्षी कोणी तुला पाहिलं नाही हे खरं. पण तू दुसरीकडे असणार कुठे?"

जेवताना मुलाने हे सगळं हसण्यावारी नेलं. सून मात्र भाजी वाढता वाढता थांबली. बाबा तिकडे गेले तरी नळ त्यांच्यासारखाच पिळून बंद केलेला असायचा, म्हणाली. वर्तमानपत्राची घडीही चौपदरी. मला वाटायचं, यांना सवय लागली.

"मला वाटायचं, तू करतेस," मुलगा म्हणाला.

मग मुलाने लोणचं मागितलं.

मास्तरांच्या खोलीच्या चौकटीवर नातीच्या उंचीच्या खुणा होत्या. ते इथे असले की दर महिन्याच्या एक तारखेला तिला टाचा टेकवून उभं करायचं, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं, पेन्सिलीची रेघ, तारीख, खाली आपली शेपटीवाली सही. ते नसत त्या महिन्यांचा खाडा. एरवी खोलीचं दार दिवसभर भिंतीला टेकून उघडं असे. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. बहिणीने पाठवलेली दोन पत्रं आणि सल्लागार बाईंनी दिलेला सही करायचा कागद घेऊन ते आत आले आणि, का कोण जाणे, त्यांनी दार लावून घेतलं.

दाराआडच्या भिंतीवर रेघा होत्या.

त्यांनी चष्मा पुसला. मग पाळीचं पुस्तक आणि फाटकाचं पुस्तक ताडून बघावं तसे चौकटीपाशी आणि भिंतीपाशी आळीपाळीने उभे राहिले. दुसऱ्या खेपेनंतर चौकटीवर जिथे जिथे खाडा होता, तिथे तिथे भिंतीवर हजेरी होती. अकरा महिने सलग. पुढे तिसऱ्या खेपेनंतरचेही सगळे. एक तारीख चुकलेली नव्हती. सातच्या आकड्याला आडवी काडी होती, सहीला शेपटी होती.

मास्तर पलंगावर बसले. पलंगाखाली त्यांची बॅग होती, नेहमीसारखी अर्धी भरलेली. हातातल्या कागदावर लिहिलं होतं की सदर अकरा महिने मी या देशात नव्हतो.

छत्तीस वर्षांत त्यांनी खाडे पुष्कळ लावले होते. लागलेली हजेरी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून खोडली नव्हती, मालकाच्या मेव्हण्याच्या सांगण्यावरूनही नाही. ते उठले. नातीच्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला आणि खालच्या रेघेपासून सुरुवात केली. भिंत स्वच्छ झाल्यावर त्यांनी खाली पडलेले कण ओल्या बोटाने टिपले, बसले आणि सही केली. सहीची शेपटी नीट उतरली नाही.

संध्याकाळी सून दारातून आत येता येता थबकली. घर मोठं वाटतंय ना आज, म्हणाली, आणि दिवा लावला.

साडेतीन महिन्यांनी पत्र आलं. त्यात मास्तरांच्या फोटोचं कार्ड होतं: कायमचे रहिवासी. मुलाने त्यांना मिठी मारली, सुनेने बॅग पलंगाखालून ओढून स्वतः रिकामी केली आणि माळ्यावर टाकली. आता कशी उतरवाल बघते, म्हणाली. मास्तरांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि दिवसभरात चार वेळा वरून चाचपून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. शाळेतून आल्या आल्या नात खोलीत गेली. मास्तर पेन्सिल आणि पुस्तक घेऊन मागोमाग गेले, तर तिने दार लावून घेतलेलं. त्यांनी आत शिरून दार पुन्हा लोटलं. ती कोऱ्या भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून, हनुवटी वर करून उभी होती. डोळे मिटलेले.

"इकडे ये, चौकटीपाशी," ते म्हणाले. "किती वाढलीस बघू."

तिने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तू नको. तू पाहुणा आहेस. इथे राहतो तो आजोबा घेतो इथली उंची."

मास्तरांचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला. आता मी नाही कुठे जाणार, त्यांनी सांगितलं. कायमचा आलोय.

नातीने ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांच्या मागे, बंद दाराकडे बघत तिने विचारलं,

"मग तो कुठे गेला?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मास्तर तिच्यासमोर पेन्सिल धरून उभे राहिले. तिने पुन्हा डोळे मिटले, टाचा भिंतीला घट्ट लावल्या आणि वाट बघू लागली.