करडीचं पोट

आमच्या इमारतीतल्या आठ मांजरांची नसबंदी झाली होती; उरली होती एकटी करडी. तिला पुन्हा पिल्लं झाली, तर सगळी मांजरं पोत्यात भरून लांब सोडून येऊ, असा सेक्रेटरींनी दम दिला होता. भुकेली मांजरच पिंजऱ्यात शिरते, म्हणून मी काल घरोघरी हात जोडले, "एक दिवस करडीला खायला घालू नका."

आज पिंजऱ्यात मासा ठेवून सकाळपासून जिन्याखाली दबा धरून बसले. करडी आली, मासा हुंगला आणि पिंजऱ्याला पाठ टेकून अंग चाटत बसली. पोट टम्म!

वर आले, तर सासूबाई वाटी विसळत होत्या.

"आई, तुम्ही तिला दूध घातलंत?"

"मग? ओरडत होती बिचारी."

"घालू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"सगळ्यांच्या दारात गेलीस गं. मला कुठे सांगितलंस?"

मी कपाळावर हात मारला आणि दवाखान्याला फोन केला. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची.

"तोवर गाभण नाही ना राहायची?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"तिलाच विचारा," मी म्हटलं. "तुमचं ऐकते ती."