दातांच्या दवाखान्यातला युकुलेले आणि त्याची वॉरंटी

मित्रांनो, मी एक जुना युकुलेले आहे आणि मला जराही स्वस्थ बसता येत नाही. सकाळी सुरात असलो तर दुपारपर्यंत उतरतो. लोक म्हणतात, हवा बदलली. हवेचं निमित्त आहे. मला काळजी करायची सवय आहे.

माझ्या चार तारा बघून मला गिटारचं पिल्लू म्हणणारे भेटतात. गिटारला पिल्लं होत नाहीत. मला एका ताईंनी बनवलं. इस्त्रीच्या दुकानामागे त्यांची एक खोली होती. आधी त्या खुर्च्या बनवत, पण आपण एवढी मेहनत घ्यायची आणि लोकांनी त्यावर बसायचं, हे त्यांना काही पटलं नाही. मग त्या युकुलेलेकडे वळल्या. गरम नळीवर ओली फळी वाकवून त्यांनी मला कंबर दिली, पोटात आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि अकरा दिवस लाखेचं पॉलिश चढवलं. शेवटी स्वतःच्या अक्षरात एक कार्ड लिहिलं: ‘माझ्या हातची चूक असेल तर जन्मभर दुरुस्त करून देईन. दुरुस्त होत नसेल तर नवा देईन. तुमच्या हातची असेल तर तसं सांगा, मार्ग काढू.’

जन्मभर म्हणजे नेमकं कोणाच्या, हे लिहायचं राहिलं. माझी काळजी तेव्हापासूनची.

मला एका दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. लहान मुलं खुर्चीत बसली की डॉक्टर मला वाजवायचे. मुलं तोंड उघडायची. काही दाद द्यायला, बाकीची ओरडायला. दोन्हीत दात निघायचा. वेदना विसरून एक मुलगी म्हणाली होती, “डॉक्टर, तुम्ही दातच काढा, पण हा छान आहे.” एवढी स्तुती मला पुन्हा मिळाली नाही.

दवाखान्यात मदतीला एक मावशी होत्या. जंतू हे त्यांचे हाडवैरी. हाताला लागेल ते त्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत. एकदा बोलता बोलता त्यांनी डॉक्टरांचं टक्कल पुसलं, आणि डॉक्टरांनीही मान पुढे केली.

“वीस पोरांनी हात लावलाय याला,” त्या म्हणायच्या. “तोंडातून काढलेले हात!”

आता गंमत बघा. लाखेचं पॉलिश करतात तेच मुळी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. स्पिरिट दिसलं की ती परत विरघळायला एका पायावर तयार असते. मी चिकट झालो. मला कापूस चिकटला, एक चिठ्ठी चिकटली. एकदा डॉक्टरांचा हातमोजा चिकटला आणि त्यांनी तसंच अख्खं गाणं वाजवलं. पुढे पोटात गांधीलमाशी शिरल्यासारखी भणभणही सुरू झाली.

एका दुपारी दोघं मला घेऊन ताईंकडे निघाले.

“स्पिरिटचं सांगायचं ना?” मावशींनी वाटेत विचारलं.

“कशाला? पॉलिश गेलं म्हणायचं. खोटं काय त्यात? गेलंच आहे. नवा मिळेल.”

मित्रांनो, नवा मिळेल, पण मग माझं काय? ताईंच्या दारात पाऊल पडताच मला उत्तर मिळालं. नवा देऊन परत घेतलेल्या एका युकुलेलेची मान दाराखाली पाचर म्हणून बसवली होती. दार छान उघडं राहत होतं. माझ्या तारांना कंप सुटला.

ताई वैतागलेल्या होत्या. “काल एकजण आला, लाकूड ओलं निघालं म्हणून. त्यानं युकुलेलेनं होडी वल्हवली होती! आता एक जरी खोटं निघालं ना, तर ही जन्मभराची वॉरंटी बंद. सगळ्यांचीच.”

डॉक्टरांनी मला पुढे केलं. मी ओरडून सांगणार होतो, पण मला कोणी छेडल्याशिवाय बोलता येत नाही.

ताईंनी दांडीचा एक छोटा आरसा काढून माझ्या पोटात घातला.

“हा तर आमचा आरसा!” डॉक्टर म्हणाले.

“तुमच्यासारख्यांचाच. हं... आ करून राहायला सांगा याला.” मग त्यांचा आवाज पडला. “एक पट्टी सुटलीय. डिंक कमी पडला. चूक माझी. तुम्हाला जन्मात दिसली नसती. आणि पॉलिश... असं का व्हावं? तेही माझंच चुकलं असणार. ठेवा याला. नवा देते.”

त्या पकड शोधायला लागल्या. माझ्या खुंट्या काढायला.

डॉक्टर काहीतरी पुटपुटले.

“काय? तोंडात बोळा ठेवल्यासारखं काय बोलताय?”

“स्पिरिट,” डॉक्टर म्हणाले. “स्पिरिटनं पुसतो आम्ही.”

“रोज वीस वेळा,” मावशी रडवेल्या झाल्या. “मी पुसते. हे नुसते बघतात.”

ताईंनी पकड खाली ठेवली. मी श्वास रोखला. म्हणजे तो मला नाहीच, पण रोखला.

“बरं झालं बोललात,” त्या म्हणाल्या. “पट्टी माझी, पॉलिश तुमचं. बसा, शिकवते.”

अकरा दिवस दवाखाना आटोपल्यावर डॉक्टर मला घासत होते आणि मावशी “तिकडे राहिलं, तिकडे!” करत होत्या. डॉक्टरांची बोटं तपकिरी झाली. ती बघून मुलांनी दोन आठवडे तोंडच उघडलं नाही. आता मावशी मला कोरड्या फडक्यानं पुसतात आणि स्पिरिटऐवजी साबण घेऊन मुलांच्या मागे धावतात.

मित्रांनो, वस्तू बनवणाऱ्यानं आपली चूक मान्य करायची आणि वापरणाऱ्यानं आपली. एवढ्यावरच वॉरंटी चालते. एकजण खोटं बोलला की पुढच्या खऱ्या माणसाचं कार्ड रद्दी होतं. म्हणून तुमच्या हातून काही झालं असेल, तर पकड सापडायच्या आत सांगून टाका.

माझ्या पाठीवर पॉलिशमध्ये डॉक्टरांच्या अंगठ्याचा ठसा कायमचा राहून गेलाय. त्यांनी तो ताईंना दाखवला, काढून द्याल का म्हणून. ताईंनी चष्मा लावून नीट पाहिला आणि सांगितलं, “हा माझ्या वॉरंटीत येत नाही.”